झाड काय खातें?

ब्रसेल्स येथील यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट नांवाच्या वैद्यानें सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत एक प्रयोग केला. मातीचें एक मोठें भांडें घेऊन त्यांत त्यानें भट्टींत वाळविलेली दोनशें रत्तल माती भरली, ती पावसाच्या पाण्यानें भिजविली, आणि तींत विलोचें, म्हणजे महाराष्ट्रांत ओढ्याकांठीं वाढणाऱ्या वाळुंजाच्या जातीचें, पांच रत्तल वजनाचें रोप लावलें. वाऱ्याबरोबर धूळ येऊन हिशेब बिघडूं नये म्हणून भांड्यावर कल्हई केलेला सच्छिद्र लोखंडी पत्रा बसविला. त्यानंतर पांच वर्षें त्या झाडाला पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्याखेरीज त्यानें दुसरें कांहींहि दिलें नाहीं. पांच वर्षांनीं झाड तोललें तेव्हां तें १६९ रत्तल आणि सुमारें ३ औंस भरलें. चार हिवाळ्यांपूर्वीं गळून गेलेल्या पानांचें वजन यांत धरलेंच नव्हतें. मग माती पुनः वाळवून तोलली. ती दोनशें रत्तलांत अवघी दोन औंस कमी भरली.

अरिस्टॉटलाच्या काळापासून चालत आलेली समजूत अशी होती कीं, जमीन हेंच झाडाचें पोट. तेथें अन्न शिजून तयार होतें आणि मुळें तें नुसतें ओढून घेतात. शेतकऱ्याच्या अनुभवालाहि ती पटण्यासारखी होती, कारण कसदार जमिनींत पीक जोमानें येतें आणि निकस जमिनींत खुरटतें, हें सर्वांच्या डोळ्यांसमोरचें. हेल्मोंटच्या तराजूनें ती समजूत एका दिवसांत निकालांत काढली. दीडशें रत्तलांहून अधिक लाकूड, साल आणि मुळें दोन औंस मातींतून निघणें शक्य नव्हतें. मग तीं आलीं कोठून? झाडाला पाण्याशिवाय दुसरें कांहींच दिलें नव्हतें. तेव्हां हें सारें पाण्याचेंच झालें, असा निष्कर्ष त्यानें काढला.

प्रयोग इतका चोख आणि निष्कर्ष मात्र चुकलेला! यांतील खरी मौज पुढेंच आहे. 'गॅस' हा शब्द भाषेला देणारा मनुष्य तो हाच. बासष्ट रत्तल कोळसा जाळला तर एक रत्तल राख उरते, आणि राहिलेले एकसष्ट रत्तल एका अदृश्य वायूच्या रूपानें निघून जातात, हेंहि त्यानेंच लिहून ठेविलें आहे. लाकडांतून वायु निघतो हें त्याला ठाऊक होतें. वायूचेंच लाकूड होत असेल ही शंका मात्र त्याला शिवली नाहीं. त्या काळीं हवा ही तोलून पाहण्याजोगी वस्तु आहे असें फारसें कोणाच्या मनांत येत नसे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याला दोष देववत नाहीं. धर्मपीठाच्या रोषामुळें १६३४ मध्यें त्याला अटक झाली आणि पुढें स्वतःच्याच घरांत स्थानबद्ध होऊन राहावें लागलें. १६४४ मध्यें तो वारला, आणि विलोच्या झाडाची हकीकत त्याच्या मुलानें १६४८ मध्यें प्रसिद्ध केली.

पानें हवेंतून कांहीं तरी घेत असावींत असा तर्क इंग्लंडांतील स्टीफन हेल्स नांवाच्या धर्मोपदेशकानें १७२७ मध्यें केला. परंतु तो तर्कच राहिला. हवेंत निरनिराळे वायु असतात हें कळल्याशिवाय त्याला पुढें जातां येण्यासारखें नव्हतें.

तें ज्ञान जमा होऊं लागलें तेव्हां त्यांत पुढाकार घेणारा जोसेफ प्रीस्टली हाहि धर्मोपदेशकच होता. लीड्स येथें त्याच्या घराला लागून मद्य गाळण्याचा कारखाना होता. तेथील पिंपांवर सांचणारा वायु पाहतां पाहतां त्याला या विषयाचा नाद लागला. बंद भांड्यांत मेणबत्ती लावली तर कांहीं वेळानें ती विझते, आणि त्या हवेंत उंदीर सोडला तर तो गुदमरतो. जगांत इतकीं चुलाणीं पेटतात, इतके प्राणी श्वास घेतात. मग सगळीच हवा आजवर बिघडून कां गेली नाहीं? तिला शुद्ध करणारें निसर्गांत कांहीं तरी असलेंच पाहिजे. १७ ऑगस्ट १७७१ या दिवशीं प्रीस्टलीनें मेणबत्ती विझून गेलेल्या हवेंत पुदिन्याची एक डहाळी ठेविली. दहा दिवसांनीं, २७ तारखेला, त्याच हवेंत दुसरी मेणबत्ती उत्तम जळली.

या शोधाचा फार गौरव झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७७३ मध्यें प्रीस्टलीला कॉप्ले पदक दिलें. त्याचा मित्र बेंजामिन फ्रँकलिन यानें पत्रांतून अशी आशा व्यक्त केली कीं, घराजवळचीं झाडें तोडण्याचें जें वेड पसरलें आहे त्याला आतां थोडा आळा बसेल. परंतु लौकरच एक विपरीत गोष्ट घडली. स्वीडनमधील शेले यानें प्रयोग केले तेव्हां त्याच्या वनस्पतींनीं हवा शुद्ध करण्याऐवजीं बिघडविली. स्वतः प्रीस्टलीनें १७७८ च्या सुमारास प्रयोग पुनः केले, तर कधीं हवा सुधारे, कधीं उलट बिघडे. दोघेहि प्रामाणिक, दोघेहि कुशल, आणि दोघांचीं उत्तरें परस्परविरुद्ध!

हा घोळ सोडविणारा यान इंगेनहौस हा हॉलंडमधील ब्रेडा गांवचा वैद्य. १७६८ मध्यें त्यानें व्हिएन्नाच्या राजघराण्यांतील मुलांना देवी टोंचल्या होत्या आणि तेव्हांपासून तो तेथील राजवैद्य झाला होता. १७७९ च्या उन्हाळ्यांत त्यानें लंडनजवळ खेड्यांत एक घर घेतलें, तीन महिन्यांत पांचशेंहून अधिक प्रयोग केले, आणि त्याच वर्षीं ते पुस्तकरूपानें छापूनहि काढले. दुसरा कोणी आधीं गांठील या धास्तीनें केलेली घाई त्यांत दिसते. पण कामांत उणेपणा दिसत नाहीं.

त्याची रीत साधी होती. हिरवीं पानें पाण्यांत बुडवून उन्हांत ठेवावींत. त्यांवर बारीक बुडबुडे जमतात, आणि त्यांतील वायूंत मेणबत्ती लखलखून जळते. तेंच भांडें अंधारांत नेलें कीं बुडबुडे थांबतात. हा परिणाम उन्हाच्या उष्णतेचा असेल काय? म्हणून त्यानें पानें विस्तवाजवळ ठेवून पाहिलीं. तेथें हा वायु मिळेना. अर्थात् काम उष्णतेचें नव्हे, प्रकाशाचें. शिवाय तें झाडाच्या सर्व अंगांचेंहि नव्हे. हिरवीं पानें आणि हिरवे देंठ एवढेच तें करूं शकतात. मुळें, फुलें आणि फळें रात्रंदिवस हवा बिघडवीतच असतात, आणि अंधार पडला कीं पानेंहि तेंच करतात. शेले आणि प्रीस्टली यांच्या उत्तरांत विरोध कां पडला याचा उलगडा असा झाला. पुदिन्यावर ऊन किती पडतें याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटलीच नव्हती.

इंगेनहौसनें या शोधावरून लोकांना एक भीतिहि घातली: निजण्याच्या बंद खोलींत फुलझाडें ठेवूं नयेत, तीं रात्रीं हवा विषारी करतात. रात्रीं झाडाखालीं झोपूं नये, असें सांगणारीं वडील माणसें महाराष्ट्रांतहि घरोघर आढळतात. वस्तुतः एका कुंडींतील रोप रात्रभरांत जेवढी हवा बिघडवितें त्याहून कितीतरी अधिक ती शेजारीं झोपलेला माणूस बिघडवितो, आणि त्याला कोणी खोलीबाहेर काढीत नाहीं. याच्या अगदीं उलट समजूत पिंपळाविषयीं आहे. तो म्हणे रात्रींहि प्राणवायु सोडतो. ती सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येते. परंतु प्रकाशावांचून प्राणवायु देणारें पान पिंपळाला फुटत नाहीं, वडालाहि फुटत नाहीं.

येथवर विचार झाला तो झाड हवेला काय देतें याचा. तें हवेंतून काय घेतें, हें जिनीव्हाच्या झां सेनेबिए यानें १७८२ मध्यें दाखविलें. उकळून वायुरहित केलेल्या पाण्यांत पानें बुडविलीं तर भर उन्हांतहि बुडबुडे येत नाहींत. त्या पाण्यांत कर्बाम्लवायु मिसळला कीं येऊं लागतात. हा कर्बाम्लवायु म्हणजे हेल्मोंटच्या कोळशांतून निघून गेलेला तोच अदृश्य वायु. त्याच जिनीव्हांत निकोला थेओडोर द सोस्यूर यानें तराजू पुनः पुढें आणला. बंद कांचपात्रांत रोपें वाढवून त्यानें वायूंचें मोजमाप केलें आणि १८०४ मध्यें दाखवून दिलें कीं, रोपाचें वजन हवेंतून घेतलेल्या कर्बाच्या वजनाहूनहि अधिक वाढतें; राहिलेली भर पाण्याची असते. तेव्हां हेल्मोंट सर्वस्वीं चुकला होता असेंहि म्हणतां येत नाहीं. त्यानें दोन भागीदारांपैकीं एकच ओळखला होता. वाळलेल्या लाकडाच्या वजनांत जवळजवळ निम्मा भाग कर्बाचा असतो, आणि तो सगळा हवेंतून आलेला असतो.

पुढील शोधांची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. पानांतील हिरव्या रंगाला 'क्लोरोफिल' हें नांव पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं दिलें. क्विनीन वेगळें काढणारे ते हेच दोघे. सूर्याची शक्ति झाडांत सांठते आणि तीच सर्पणाच्या उष्णतेच्या रूपानें परत मिळते, हा विचार रॉबर्ट मायर या जर्मन वैद्यानें १८४५ मध्यें मांडला. पानांतून सुटणारा प्राणवायु कर्बाम्लवायूचा नसून पाण्याचा असतो, हें मात्र कॅलिफोर्नियांत रूबेन आणि केमेन यांनीं १९४१ मध्यें जड प्राणवायूच्या साह्यानें सिद्ध करीपर्यंत निश्चित झालें नव्हतें.

हवेंत या कर्बाम्लवायूचें प्रमाण अगदींच अल्प असतें. यंत्रयुगापूर्वीं तें दहा लक्ष भागांत सुमारें २८० भाग होतें; हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्यें नियमित मोजणी सुरू झाली तेव्हां तें सुमारें ३१५ होतें, आणि आतां ४२० च्या वर गेलें आहे. प्राचीन अरण्यांनीं कोट्यवधि वर्षांपूर्वीं उन्हाच्या बळावर हवेंतून जो कर्ब घेतला आणि जो दगडी कोळसा होऊन भूगर्भांत पडून राहिला, तो दोन अडीच शतकांत जाळून माणसानें पुनः हवेंत सोडला. हेल्मोंटची बासष्ट रत्तलांची भट्टी ती हीच. आकार तेवढा वाढला आहे.

राहतां राहिली दोन औंस माती. हेल्मोंटनें ती हिशेबांतहि धरली नाहीं, आणि पुढें हवेचें महत्त्व कळल्यावर कित्येकांनीं तिच्याकडे पाठ फिरविली. पण शेतकऱ्याची जुनी समजूतहि अगदींच पोकळ नव्हती. सोस्यूरच्या प्रयोगांतून आणि १८४० मध्यें प्रसिद्ध झालेल्या लीबिगच्या ग्रंथांतून हें स्पष्ट झालें कीं, चुना, पालाश, स्फुरद यांसारखे क्षार झाडाला मातींतूनच मिळतात आणि त्यांवांचून एक पानहि धड वाढत नाहीं. लाकूड जळतें तेव्हां कर्ब वायुरूप होऊन निघून जातो; हे क्षार मागें उरतात. बासष्ट रत्तल कोळसा जळून गेल्यावर तळाशीं राहिलेली ती एक रत्तल राख म्हणजे मातीनें झाडाला दिलेला वांटा होता.