रहीमसाहेबांची मधली फळी

फुटबॉलचा सामना हरला की पहिला आरोपी ठरतो तो कोच. याला का बसवलं, त्याला का खेळवलं, मधल्या फळीत दोनच माणसं ठेवतं का कुणी? आमच्या उर्दू शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांची दर सोमवारी हीच बहस चालते. संघ इंग्लंडचा, कोच स्पेनचा, खेळाडू ब्राझीलचे आणि न्यायनिवाडा आमच्या व्हरांड्यात! कोल्हापुरात तालमींच्या संघांचे पाठीराखे असेच भांडतात. गोव्यात, कोलकात्यातही हेच. या भांडणाला कुणी हसू नये. खेळ समजून घेण्याची सुरुवात अशा भांडणातूनच होते.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. ज्या भारतीय कोचच्या डावपेचांवर अशी बहस व्हायला हवी, त्यांच्याबद्दल ती कधी झालीच नाही. ते कोच म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. २०२४ साली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे त्यांचं नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचलं, हे चांगलंच झालं. पण चित्रपटात आजारपण येतं, अश्रू येतात, गोल येतात. मधल्या फळीत कोण कुठे उभं होतं आणि का, हे चित्रपटात मावत नाही. आज थोडं त्याबद्दल.

मास्तर ते कोच

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठातून ते बी.ए. झाले. हे विद्यापीठ त्या काळी उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देत होतं. पदवीनंतर ते शाळेत शिक्षक झाले, पुढे शारीरिक शिक्षणाकडे वळले. १९४३ साली हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि नंतर हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे प्रशिक्षक.

इथे मराठवाड्यातल्या वाचकाने जरा थांबावं. १९५६पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई आणि त्यानंतरचे दिवस आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहेत. संस्थान गेलं, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, मुसलमान घरांमध्ये भीती होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, हैदराबाद पोलिसांचा संघ मुंबईला येतो आणि कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषक जिंकतो. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकतो. १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं! रोव्हर्स ही देशातल्या सर्वांत जुन्या आणि मानाच्या स्पर्धांपैकी एक. कोलकात्याचे बलाढ्य संघ तिथे येत असत. त्या काळात हैदराबादचं नाव इतक्या अभिमानाने घ्यायला लावणारी दुसरी गोष्ट शोधावीच लागेल.

हे यश कशातून आलं? रहीमसाहेब आधी शिक्षक होते. पास द्यायचा तो एका स्पर्शात. ड्रिबलिंग करायचंच नाही, असे सामने ते ठेवत. उजव्या पायाच्या मुलाने डाव्या पायानेच खेळायचं, अशाही स्पर्धा भरवत. आपण वर्गात कच्च्या विषयाचा सराव जास्त घेतो, तोच हा प्रकार. चेंडू पायात धरून ठेवणारा खेळाडू प्रेक्षकांना आवडतो. रहीमसाहेबांना चेंडू पुढे सरकवणारा हवा होता.

मधल्या फळीचं गणित

आता थोडा जुना इतिहास, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुटबॉलमध्ये २-३-५ ही मांडणी रुळली. मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच. मधल्या तिघांतला बीचवाला, म्हणजे सेंटर हाफ, हा संघाचा कणा. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. आक्रमकाच्या पुढे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असण्याची अट दोनवर आली आणि गोलांचा पाऊस पडू लागला. उपाय म्हणून इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचे हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर हाफला मागे खेचलं. वरून पाहिलं तर इंग्रजी डब्ल्यू आणि एम अक्षरं दिसावीत, अशी ती मांडणी. तिच्यात मध्ये चौघांची चौकट होती, दोन हाफ आणि दोन इनसाइड फॉरवर्ड.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असं हरवलं. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी पुढे न थांबता खाली मधल्या फळीत यायचा. त्याच्या मागे जावं की जागा धरून राहावं, हेच इंग्लंडच्या बचावपटूला ठरवता येईना. मग १९५८च्या विश्वचषकात ब्राझीलने ४-२-४ची मांडणी जगासमोर आणली. मागे चार, पुढे चार आणि मध्ये फक्त दोन.

आता आमच्या व्हरांड्यातला प्रश्न पुन्हा विचारा, मध्ये दोनच माणसं? प्रश्न अगदी रास्त आहे. दोघांनी मैदानाची पूर्ण रुंदी सांभाळायची. समोरच्याने तिसरा माणूस आणला की हे दोघे कमी पडतात, आणि दोघांतला एक दमला की संघाचे दोन तुकडे होतात. ब्राझीलकडे यावर उत्तर होतं. त्यांचा डावा विंगर झागालो गरज पडताच मागे येऊन तिसरा होत असे. म्हणजे ४-२-४ चालते ती दोघांच्या जोरावर नाही, मागे यायला तयार असलेल्या तिसऱ्याच्या जोरावर चालते.

हेलसिंकी ते रोम

१९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्या संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० असं हरवून सुवर्णपदक घेतलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते, म्हणून सगळी चर्चा बुटांवर गेली. बूट सक्तीचे झाले, ते योग्यच होतं. पण भारतातले संघ तेव्हा बहुतकरून दोन बचावपटूंच्या जुन्या पद्धतीने खेळत आणि देशातले सामने ९० मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असत. बुटांमुळे पाय घसरायचे थांबतात, दुसऱ्या अर्ध्यातला दम किंवा उभं राहण्याची जागा बुटांतून येत नाही. रहीमसाहेबांनी या दुसऱ्या गोष्टींवर काम केलं. तीन बचावपटू आले, पासिंग वाढलं, तंदुरुस्तीवर भर आला.

चार वर्षांनी मेलबर्नला फळ दिसलं. हंगेरीने माघार घेतल्याने पहिली फेरी खेळावी लागली नाही, पण पुढे यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असं हरवलं. तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. मूळ गोव्याच्या आसगावचा आणि मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. शेवटी ४-१ अशी हार झाली आणि भारत चौथा आला. पण १०-१ पासून इथवरचा प्रवास चार वर्षांचा होता, हे विसरू नये.

१९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये गट अवघड होता. हंगेरीकडून १-२ अशी हार. फ्रान्सविरुद्ध पी. के. बॅनर्जीच्या गोलने आघाडी मिळाली, पण शेवटच्या दहा मिनिटांत फ्रान्सने बरोबरी साधली. पेरूकडून १-३ अशी हार. त्या संघात रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता आणि तो मधल्या फळीतच खेळणारा होता. तिन्ही सामन्यांत त्याला मैदानावर उतरवलं गेलं नाही. कोचचा मुलगा, कोचच्या बाकावर! आज निवड समित्यांवर होणारे आरोप ऐकतो तेव्हा मला हे नेहमी आठवतं.

जकार्ता १९६२

आता त्या स्पर्धेकडे येऊ, जिच्यामुळे रहीमसाहेबांचं नाव टिकलं. त्यांना तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग झालेला होता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असं हरवलं. कुठल्याही फुटबॉलप्रेमीने त्या रात्री कोचच्या नावाने बोटं मोडली असती. पुढे थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय मिळाले, पण थायलंडविरुद्ध आपला मुख्य बचावपटू जर्नेल सिंग याचं डोकं फुटलं, टाके पडले.

उपांत्य सामन्यासाठी रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं! डोक्याला पट्टी असलेला बचावपटू आक्रमणात? आजच्या भाषेत सांगायचं तर मोबाइलवर रात्रभर शिव्या पडल्या असत्या. पण यामागे हिशेब होता. बचावाचा मध्य सांभाळायला अरुण घोष होता. चुनी गोस्वामी, पी. के. आणि तुलसीदास बलराम हे तिघे कौशल्याचे खेळाडू, पण समोरच्या बचावपटूंना अंगावर घेणारा कुणी पुढे नव्हता. जर्नेलने ते काम केलं. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२ अशा विजयात एक गोल त्याचा होता.

४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामना, समोर पुन्हा दक्षिण कोरिया. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी प्रवेश नाकारला होता, त्याला भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी विरोध केला होता. म्हणून जकार्तातले प्रेक्षक भारतावर चिडलेले होते. त्या गोंगाटात भारताच्या बाजूने ओरडत होते ते पाकिस्तानचे हॉकीपटू, असं त्या संघातले खेळाडू पुढे सांगत. पी. के. आणि जर्नेलच्या गोलांनी सुरुवातीच्या वीस मिनिटांतच २-० अशी आघाडी मिळाली. सामना २-१ असा संपला. पहिल्या सामन्यात ज्यांनी हरवलं, त्यांनाच नऊ-दहा दिवसांत हरवलं.

या विजयातले गोल करणारे आपल्याला पाठ आहेत. मध्ये कोण होतं? फॉर्च्युनाटो फ्रँको आणि प्रशांत सिन्हा. फ्रँको गोव्याच्या कोलवाळचा, मुंबईत वाढलेला. सिन्हा बंगालचा. चेंडू हिसकावायचा, जवळच्याला द्यायचा आणि पुन्हा जागेवर यायचं, हे या दोघांचं काम. मागे येणारा तिसरा माणूस म्हणजे बलराम. तो आक्रमक असूनही खाली येऊन चेंडू घेत असे. म्हणजे ब्राझीलने झागालोकडून जे करून घेतलं, त्याच जातीचं उत्तर एका निवृत्तीकडे झुकलेल्या हैदराबादी मास्तरने आपल्याकडच्या माणसांतून शोधलं होतं. फ्रँको २०२१ साली गेला. वर्तमानपत्रांत कोपऱ्यात बातमी आली.

एक तक्रार

रहीमसाहेब ११ जून १९६३ रोजी गेले, वयाच्या ५३व्या वर्षी. त्यानंतर १९६४ साली भारत आशिया चषकात उपविजेता ठरला, १९७० साली बँकॉकला कांस्यपदक मिळालं. पुढे आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं पदक नाही आणि रोमनंतर ऑलिंपिकमध्ये प्रवेश नाही.

जकार्ताच्या संघाचा उल्लेख आला की लोक नावं मोजतात. गोस्वामी, जर्नेल सिंग, फ्रँको, थंगराज, युसूफ खान आणि कोच रहीम. बघा, सगळ्या धर्मांचे! भाषणाला हे उदाहरण छान आहे, मीही शाळेच्या कार्यक्रमात ऐकलंय. पण माझी तक्रार अशी की अशा वेळी रहीमसाहेब फक्त ‘एक मुसलमान’ म्हणून शिल्लक राहतात. त्यांची बुद्धी बाजूला पडते. एकोप्याचं चिन्ह म्हणून हार घालायला ते बरे, पण विचार करणारा माणूस म्हणून त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही. आपल्या समाजातल्या कित्येक कर्तबगार माणसांचं असंच झालं. आपणही त्यांची जयंती करतो, त्यांचं काम वाचत नाही.

वाद घालण्यासारखं खूप आहे. रोममध्ये फ्रान्सविरुद्धची आघाडी टिकवायला मधली फळी कमी पडली का? जकार्ताच्या पहिल्या सामन्यात कोरियाने नेमकी कुठे वाट काढली? सगळी व्यवस्था एका माणसाच्या डोक्यात राहिली, ती लिहून, शिकवून पुढच्या प्रशिक्षकांच्या हाती का गेली नाही? शेवटचा प्रश्न फुटबॉल महासंघापुरता नाही. चांगला शिक्षक निवृत्त झाला की त्याच्याबरोबर त्याची पद्धतही शाळेतून जाते, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो.

म्हणून मुलांनो, भांडा. युरोपातल्या कोचवर जरूर टीका करा. पण एखाद्या सोमवारी फ्रँको आणि सिन्हावरही भांडून बघा. दोघे पुरे होते की तिसरा हवा होता? रहीमसाहेबांना हार-तुऱ्यांपेक्षा ही बहस जास्त आवडली असती, असं मला वाटतं.