पात आणि पाकळी

जपानात आयरिसच्या कुळातील वनस्पतींवर दोन कलांनी शतकानुशतके आपापला हक्क सांगितला आहे. एक रोपे वाढवणाऱ्या माळ्यांची आणि दुसरी ती कापून पात्रात मांडणाऱ्या पुष्परचनाकारांची. या दोहोंचा इतिहास पाहू जाता असे दिसते, की माळ्याने आपले सारे कसब पाकळीवर खर्च केले, तर पुष्परचनाकाराने फुलाला जवळजवळ धक्काही न लावता आपली सारी प्रज्ञा पातीवर वेचली. आणि या दोन साधनांत ही दुसरी मला अधिक खोल वाटत आली आहे.

उथळ पाण्यात वाढणाऱ्या काकित्सुबाता या आयरिसची प्रतिष्ठा फार जुनी. ‘इसे मोनोगातारी’ या प्राचीन ग्रंथात राजधानी सोडून पूर्वेकडे निघालेला पुरुष मिकावा प्रांतातील यात्सुहाशीच्या पुलाजवळच्या दलदलीपाशी थबकतो, आणि समोर फुललेले काकित्सुबाता पाहून मागे राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने कविता रचतो. तेव्हापासून या फुलाची आणि विरहाची जी सांगड पडली ती सुटली नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी ओगाता कोरिन या क्योतोच्या वस्त्रव्यापाऱ्याच्या पुत्राने तोच प्रसंग मनात ठेवून सहा-सहा घड्यांचे दोन पडदे रंगवले, त्यांत प्रवासी नाही, पूल नाही, पाणीही नाही. सोन्याच्या वर्खावर केवळ निळ्या फुलांचे आणि हिरव्या पातींचे झुबके आहेत. टोकियोच्या नेझु संग्रहालयातील या पडद्यांचा प्राण पातींच्या चढउतारात आहे, फुले त्या लयीवर तरंगतात इतकेच.

क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातील इकेनोबो पुरोहितांनी हेच मर्म ओळखले होते. त्यांच्यापैकी सेन्केईने केलेल्या पुष्परचनेचा उल्लेख इ. स. १४६२ च्या एका रोजनिशीत सापडतो, आणि पुढे ही परंपरा जसजशी शास्त्रबद्ध होत गेली तसतसे काकित्सुबाताला तिच्यात विशेष स्थान मिळाले, कारण ही एकच वनस्पती चारही ऋतूंचे वर्तमान सांगू शकते असे तिच्या आचार्यांना दिसले. वसंताच्या आरंभी फूल पातींहून ठेंगणे ठेवावयाचे. ग्रीष्मात ते पातींच्या वर मस्तक काढून उभे राहते. शरदात पिवळलेल्या, मोडलेल्या पातींत बीजाची बोंडे दिसू द्यावयाची आणि फूल पुन्हा खाली आणावयाचे. पाती निसर्गाने दिल्या तशा मांडण्याचा शिरस्ता नाही. त्या एकेक सुट्या करून, टोकाच्या किंचित वळणाचा रोख पाहून, बहुधा तीन-तीनांच्या जुडीत पुन्हा अशा बांधतात की पाहणाऱ्यास त्या जन्मतःच तशा उगवल्या आहेत असे वाटावे. उथळ, रुंद पात्रात दोन झुबके परस्परांपासून दूर ठेवून मध्ये मोकळे पाणी राखण्याची एक रीत आहे, तिला माशांची वाट म्हणतात. त्या रिकाम्या पाण्यामुळे पात्राचे तळे होते.

हानाशोबु या दुसऱ्या आयरिसची कथा निराळी. ओलसर भूमीत वाढणाऱ्या या फुलाची पात शोबु या वनस्पतीच्या पातीसारखी दिसते, आणि हे शोबु म्हणजे आपल्या घरोघरी बाळगुटीत उगाळले जाणारे वेखंडच होय. जपानी लोक पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी त्याच्या पाती रोगराई टळावी म्हणून स्नानाच्या पाण्यात घालतात. हानाशोबुला मोठेपण दिले ते एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, शोगुनांच्या थेट चाकरीतील मात्सुदाइरा सादातोमो या सरदाराने. इ. स. १७७३ ते १८५६ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या पुरुषाने सुमारे साठ वर्षे बी पेरणे, रोपे फुलण्याची वाट पाहणे, निवड करणे आणि पुन्हा पेरणे हे एकच व्रत चालवले, आणि आपल्या अनुभवावर लागवडीचा ग्रंथही लिहिला. एदोजवळच्या होरिकिरी गावातील शेतकऱ्यांच्या वाफ्यांत त्याच्या जाती पोहोचल्या, तेथे फुलांच्या दिवसांत शहरातून माणसांची रीघ लागू लागली, आणि १८५७ साली हिरोशिगे या चित्रकाराने आपल्या एदोच्या शंभर दृश्यांत होरिकिरीला जागा दिली.

त्याच सरदाराकडून कुमामोतोच्या होसोकावा घराण्याने आपला सेवक पाठवून रोपे मागवली, ती मुलखाबाहेर जाऊ द्यावयाची नाहीत या अटीवर. तेथे हिगो प्रांतात त्यांना वेगळेच वळण लागले: वाफ्यांत उभ्याने पाहण्याऐवजी कुंडीतले झाड दिवाणखान्यात, सोनेरी पडद्यापुढे मांडून, चटईवर बसून निरखावयाचे, म्हणून फुले प्रचंड आणि पाकळ्या रुंद झाल्या. रोपे ती जोपासणाऱ्यांच्या मंडळाबाहेर न देण्याचे हे वचन पिढ्यान्पिढ्या पाळले गेले, आणि ते मोडले विसाव्या शतकात, एका सदस्याने ती बाहेर विकली तेव्हा. मंडळातल्या इतरांचा संताप मी समजू शकतो. परंतु वचनभंग झाला नसता तर कुमामोतोबाहेरच्या बागांना ही फुले कदाचित दिसलीच नसती, हेही नाकारता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात होरिकिरीच्या बागांना अन्नाच्या गरजेपुढे भातखाचरे व्हावे लागले. एका बागेतील गड्डे तत्पूर्वी आदाची भागात हलवले गेले होते. तीच बाग पुढे टोकियो शहराने विकत घेतली, आणि १९६० साली ती लोकांसाठी खुली झाली.