बेसबॉलमधील होतकरू कॅचर : भाकीत का फसते?

बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवे बसून पिचरचा चेंडू झेलणाऱ्या खेळाडूस ‘कॅचर’ म्हणतात. क्रिकेटच्या वाचकाला तो यष्टिरक्षकासारखा वाटेल. मात्र त्याच्यावरील भार पुष्कळ अधिक असतो. कोणता चेंडू टाकावा याची खूण साधारणतः तोच पिचरला करतो. प्रतिस्पर्धी धावपटू दुसऱ्या बेसकडे निसटू लागला, की सुमारे दोन सेकंदांत चेंडू झेलून तेथवर पोचवण्याचे काम त्याचे. शिवाय फलंदाजीची अपेक्षा असतेच.

अमेरिकेतील मेजर लीगचे संघ 1965पासून ‘ड्राफ्ट’ या पद्धतीने शाळा-महाविद्यालयांतील खेळाडू निवडतात. निवड झालेला तरुण बहुधा काही वर्षे मायनर लीगमध्ये घडतो. म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या मुलाकडे पाहून तो पंचविशीत कसा असेल, हे सांगावे लागते. ते चुकले तर पैसा जातोच, शिवाय त्या क्रमांकावर घेता आला असता असा दुसरा खेळाडूही हातचा जातो.

कॅचरच्या बाबतीत ही चूक अनेकदा घडली आहे. 1966 साली न्यूयॉर्क मेट्सने पहिल्या क्रमांकावर स्टीव्ह चिलकॉट या कॅचरला निवडले. त्याला मेजर लीगमध्ये एकही सामना खेळता आला नाही. मेट्सने न घेतलेला रेगी जॅक्सन पुढे महान फलंदाज ठरला. डॅनी गुडविन 1971 आणि 1975 असा दोनदा पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, पण मेजर लीगमध्ये त्याने कॅचर म्हणून कधी नाव कमावले नाही. उलट, माइक पियाझाला 1988 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने थेट 62व्या फेरीत घेतले, तेही वडिलांच्या ओळखीखातर. मूळचा पहिल्या बेसवरचा हा खेळाडू नंतर कॅचर झाला आणि 2016 मध्ये त्याला ‘हॉल ऑफ फेम’चा मान मिळाला.

निवड करणारे अनाडी असतात असा याचा अर्थ नव्हे. कॅचरविषयीच्या एका भाकितात वस्तुतः तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात.

पहिला प्रश्न : तो कॅचर म्हणून टिकेल काय? या जागेवर उत्तम फलंदाज दुर्मीळ असतात, म्हणून येथे बऱ्यापैकी फलंदाजीलाही मोठे मोल येते. तोच खेळाडू पहिल्या बेसवर हलवला, तर तीच फलंदाजी सामान्य ठरू शकते. कधी संघ जाणूनबुजून जागा बदलतो. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या ब्राइस हार्परला त्याच्या संघाने कॅचर न ठेवता बाह्यक्षेत्रात पाठवले. 2012 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो मेजर लीगमध्ये उतरला.

दुसरा प्रश्न : फलंदाजी केव्हा फुलेल? क्षेत्ररक्षणाची विद्या शिकण्यातच कॅचरची उमेदीची वर्षे जातात. याडिएर मोलिनाची प्रारंभीची फलंदाजी दुबळी होती. 2012 मध्ये मात्र त्याने.315ची सरासरी आणि 22 होमरन नोंदवले. मॅट वीटर्सचे उलटे झाले. 2007 मध्ये पाचव्या क्रमांकावर निवड झालेल्या या कॅचरकडून असामान्य फलंदाजीची आशा होती. क्षेत्ररक्षणासाठी त्याने दोनदा ‘गोल्ड ग्लव्ह’ मिळवला. फलंदाजी मात्र त्या आशेइतकी उंचावली नाही.

तिसरा प्रश्न : शरीर किती साथ देईल? 2011 मध्ये होम प्लेटवरील धडकेत बस्टर पोझीचा पाय जायबंदी झाला. तो सावरला, 2012 मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि 2014 पासून अशा धडकांवर नियमाने बंधन आले. 2001चा पहिल्या क्रमांकाचा मानकरी जो मावर याने फलंदाजीची तीन अजिंक्यपदे मिळवली. पण 2013 मध्ये डोक्याला मार बसल्यावर त्याला कॅचरची जागा सोडावी लागली.

याशिवाय मोजमापही बदलत असते. सीमारेषेवरचा चेंडू पंचाला ‘स्ट्राइक’ वाटावा अशा बेताने झेलण्याच्या कौशल्यास ‘फ्रेमिंग’ म्हणतात. कॅमेऱ्यांनी चेंडूचा मार्ग टिपला जाऊ लागल्यावर त्याची किंमत आकड्यांत मांडता आली आणि दुर्लक्षित कॅचरांचा भाव वधारला. आता पंचाच्या निर्णयाला यंत्राच्या साहाय्याने आव्हान देण्याची सोय 2026च्या हंगामापासून आल्याने या कौशल्याचे मोल पुन्हा पारखावे लागेल. आज सतरा वर्षांच्या मुलाला दिलेले गुण तो पंचविशीत पोचेपर्यंत त्याच मापाने मोजले जातील, याची शाश्वती नाही.

म्हणून होतकरू कॅचरांची क्रमवारी वाचताना केवळ क्रमांक पाहू नये. हे वरचे स्थान हातांच्या बळावर आहे की बॅटच्या, आणि जागा बदलली तर त्यातले किती उरेल, हे आधी तपासावे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो. कॅचरच्या बाबतीत ते दिसायला बरीच वर्षे जावी लागतात.