१९४५ ची दोन अंगणं

मंडळी, तालुक्यात नव्या प्री-प्रायमरी शाळांचे फ्लेक्स लागलेत. मी सगळे वाचले. इंग्रजी, एसी, सीसीटीव्ही. पालकांना काम एकच, फी भरणं. म्हणून जरा १९४५ साल आठवू या.

इटलीत युद्ध नुकतंच संपलं होतं. रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेल्ला गावानं पळालेल्या जर्मन सैन्याचा रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा बांधायला घेतली. पडक्या घरांच्या विटा धुऊन घेतल्या, वाळू नदीतली. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक सायकलवरून बघायला गेला आणि त्या कामातच रमला. १९६३ मध्ये तिथल्या नगरपालिकेनं स्वतःची पहिली बालशाळा काढली, तरी कारभारात पालकांचा वाटा राहिलाच.

त्याच १९४५ मध्ये आपल्या बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. जोडीला अनुताई वाघ. वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, खडे, पानं हीच खेळणी. सगळं आईबापांच्या डोळ्यांदेखत. 'अंगणवाडी' आली ती इथून. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेतून ती पुढे देशभर गेली.

आणि आपण? अंगणवाडीत जातो ते लस टोचायला, नाहीतर आहाराचं पाकीट आणायला. येत्या ग्रामसभेत एवढंच मांडा: दर आठवड्याला दोन पालकांनी एक सकाळ मुलांसोबत खेळायचं. त्यासाठी काही रणगाडा विकावा लागत नाही.