चतुर्थीची माटोळी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस मूर्ती मातीची असावी, पूजा पत्रीने व्हावी आणि उत्तरपूजेनंतर ती माती पाण्यास परत मिळावी, हा पार्थिव पूजेचा विधी साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु गोमंतकात व त्यास लागून असलेल्या दक्षिण कोकणात गणपतीच्या मस्तकावर आणखी एक छत्र धरले जाते, आणि त्याकडे घाटावरील लेखकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. हे छत्र म्हणजे माटोळी. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात.

मूर्तीच्या वर आढ्यास लाकडी चौकट टांगून तिला आंब्याचे टाळे बांधतात. मग नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, केळ्यांचा घड, तवशी, चिबूड, तोरिंजन अशी परसातील फळे तिथे आपापली जागा घेतात. तथापि माटोळीचे खरे वैभव रानातल्या जिनसांत आहे. लालभडक कवंडळे, कांगलांचे घोस, तिरफळांचे झुबके, नागकुड्याची नारिंगी जोडफळे, घागऱ्यांच्या शेंगा! आणि हे सारे बांधावयाचे ते सुतळीने नव्हे, तर कुंभ्याच्या सालीच्या वाखाने. महसूल खात्याने दरसाल जमाबंदी करावी, तशी प्रत्येक घराने आपल्या रानाची ही वार्षिक मोजदादच घ्यावी, अशी या प्रथेची योजना दिसते. कारण कोणता वेल कोणत्या घळीत चढतो आणि कोणते फळ पूजेस चालते पण पोटात जाता कामा नये, हे ज्यास ठाऊक नाही त्याच्या हातून माटोळी सजणे कठीण.

या भूमीत निसर्गाने उपासनेस कसा आधार दिला, याचा एक करुण दाखला इतिहासात आहे. 1510 साली पोर्तुगीज अंमल आला, 1560 मध्ये इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाची स्थापना झाली, आणि तिसवाडी, बार्देश व सासष्टी या जुन्या काबिजादींत देवळे जमीनदोस्त होऊन कित्येक दैवते खाडीपार अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, नेली गेली. मूर्ती बाळगणे जिवावर बेतावे अशा त्या काळात काही कुटुंबांनी कागदावरील चित्र अथवा नुसती पत्री पुढे ठेवून चतुर्थी पाळली, असे परंपरा सांगते. आजही गोव्यातील काही घरांत पत्रीचा वा कागदाचाच गणपती पुजला जातो. फर्मानांनी देवळे पाडता आली. पावसाळ्यात बांधाबांधावर उगवणारी पत्री जप्त करणे कोणत्याही सरकारच्या आवाक्यातले नव्हते.

अलीकडे माटोळी बाजारातून घरी येते. चतुर्थीच्या आधी फोंडा, म्हापसा, मडगाव येथे तिचा बाजार भरतो आणि सत्तरी-काणकोणकडील कष्टकऱ्यांस त्यातून चार पैसे मिळतात, ही इष्ट गोष्ट होय. गोव्याचे कला व संस्कृती खाते माटोळीच्या स्पर्धाही भरविते. त्यांतून विस्मृतीत गेलेली अनेक फळे पुन्हा उजेडात आली. पण संख्येच्या अहमहमिकेत दुर्मीळ वनस्पती मुळासकट उपटल्या जाण्याचे भय मला खरे वाटते. कुंभ्याचे खोड सभोवार सोलले तर झाड मरते, फांदीची साल काढली तर जगते. म्हणून परीक्षकांनी किती जिनसा टांगल्या हे मोजण्यापूर्वी त्या कशा तोडून आणल्या, हा प्रश्न प्रथम विचारावा.