मिठागर, आगगाडी आणि मुंबईची वाट

दोन प्रदेशांमधील जकातनाके उठले की व्यापार वाढतो, असा अर्थशास्त्राचा सर्वसाधारण सिद्धान्त आहे. त्या वाढलेल्या व्यापारात कोणाच्या पदरात काय पडते, आणि नाका उठल्यावर माणसाचे गावपण पुसट होते की ठळक, या प्रश्नांची उत्तरे मात्र इतिहासातच शोधावी लागतात. गोमंतकाच्या इतिहासात अशी एक बारा वर्षे आहेत. त्यांच्याकडे आम्ही येथे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. त्याचा अंमल जानेवारी १८८० पासून सुरू झाला. त्यान्वये ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यामधील जकात उठली. बाहेरून येणाऱ्या मालावर दोन्हीकडे एकच जकात ठरली. नाणेही जुळवून घेण्यात आले. अशरफीच्या जुन्या हिशेबाऐवजी ब्रिटिश रुपयाच्या तोडीचा 'रुपिया' आला आणि तो पाडला गेला तो कलकत्त्याच्या टांकसाळीत. मुरगाव बंदर आणि तेथून घाटमाथ्यापर्यंतचा लोहमार्ग हे या कराराचे मोठे आश्वासन होते.

या सवलतींचे मोल मिठाने चुकवले. ब्रिटिश मुलखात मिठावर जबर कर होता, आणि गोव्याचे स्वस्त मीठ घाट चढून चोरवाटेने तेथे जात असे. ही गळती थांबवणे हा इंग्रजांचा मुख्य हेतू होता. त्यामुळे गोव्यातील मीठ-उत्पादनाचा ताबा त्यांच्याकडे गेला आणि त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. रक्कम सरकारी तिजोरीत जमा झाली. बंद पडलेल्या आगरांवर राबणाऱ्यांच्या हाती मात्र काही आले नाही. जे मीठ घरच्या अंगणात पिकत होते तेच महाग दराने विकत घेण्याची पाळी सामान्य कुटुंबावर आली. माडाच्या सुरेवर अबकारीचा बोजा चढला आणि माडावर चढून पोट भरणारे भंडारी व रेंदेर अडचणीत आले. ज्यांची उपजीविका जमिनीला बांधलेली होती, त्यांच्याच माथी कराराची किंमत बसली.

दूधसागरच्या कड्यावरून जाणारा लोहमार्ग १८८८ मध्ये कॅसलरॉकपर्यंत पोहोचला आणि पुढे ब्रिटिश हद्दीतील मार्गाला जोडला गेला. धारवाडकडचा कापूस मुरगावला उतरेल, अशी अपेक्षा होती. माल अपेक्षेइतका आला नाही आणि रेल्वे कंपनीला दिलेल्या व्याजाच्या हमीचा भार सरकारी तिजोरीवर पडला. माल आला नाही, पण माणसे गेली. गोमंतकीय त्याआधीही मुंबईला जात होतेच, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे मूळ पेडण्यातील मांद्रे गावचे. परंतु आता जाणे सुकर झाले आणि मागे राहणे अनेकांना कठीण झाले. जाणाऱ्यांच्या संधीही सारख्या नव्हत्या. ज्याला इंग्रजी येत होते तो कचेरीत बसला. ज्याला येत नव्हते तो स्वयंपाकघरात, शिवणकामाला किंवा आगबोटीवर लागला.

बाहेर पडलेल्या या माणसांची ओळख विरघळून गेली का? आमच्या मते, इतिहासाचा पुरावा याच्या उलट आहे. मुंबईत धोबी तलाव, माझगाव या भागांत ख्रिस्ती गोमंतकीयांचे 'कूड' उभे राहिले ते एकेका गावाच्या नावाने. कोंकणीतील पहिले मानले जाणारे नियतकालिक 'उदेंतेचें साळक' निघाले ते १८८९ मध्ये, पुण्यातून. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग झाला तो १७ एप्रिल १८९२ रोजी, मुंबईत. हिंदू गोमंतकीयांना मराठीने घाटापलीकडे घर दिले. दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी जाताना गावाचे नाव आडनावातून बरोबर नेले. धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये ज्ञानाच्या ओढीने साखवाळहून पुण्याकडे निघाले. १९१९ मध्ये मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन स्थापन झाली. गावात असताना गाव सांगावे लागत नाही; परमुलखात ते सांगावे लागते, आणि सांगता सांगताच ते घडते.

बारा वर्षांची मुदत संपताच, जानेवारी १८९२ मध्ये करार संपुष्टात आला. नाके पुन्हा उभे राहिले, परंतु मुंबईची वाट मोडली नाही. ती खऱ्या अर्थाने अडली ती १९५५ मध्ये. सत्याग्रहींवरील गोळीबारानंतर भारत सरकारने सीमा बंद केली आणि आगगाडी थांबली. लोहखनिजाच्या निर्यातीवर गोव्याची बाजारपेठ परदेशी मालाने भरलेली राहिली. तुटली ती घरे. मुलगा मुंबईत आणि आईबाप गोव्यात, अशी असंख्य कुटुंबे परवान्यांच्या फेऱ्यात सापडली.

१९ डिसेंबर १९६१ नंतर आर्थिक एकीकरण पूर्ण झाले. प्रश्न उरला तो ओळखीचा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने आणि १,३८,१७० मते महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने पडली. दोन्ही पक्षांत भाषेवर आणि मातीवर जीव टाकणारी माणसे होती. आज लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की नाका पुन्हा उभारावा असे यांपैकी कोणीच म्हटले नाही. बाजार एक असावा हे दोघांनाही मान्य होते. त्या बाजारात आपण कोण म्हणून उभे राहायचे, एवढाच वाद होता.

या कथेला अलीकडचा एक अध्यायही आहे. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला आणि १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या कुटुंबांना पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे युरोपची दारे उघडली. हजारो गोमंतकीय इंग्लंडमधील स्विंडनसारख्या शहरांत कामाला गेले. २०२० च्या अखेरीस ब्रिटन युरोपीय बाजारातून पूर्णपणे बाहेर पडले आणि नव्याने जाऊ पाहणाऱ्यांसाठी ती वाट अरुंद झाली. लिस्बनमध्ये झालेल्या सहीने गोव्यातील घराचे भवितव्य ठरावे, हे दुसऱ्यांदा घडले.

तेव्हा सीमा उघडल्याने ओळख नाहीशी होते हे भय आम्हांस निराधार वाटते, आणि सीमा उघडल्याने सर्वांचे भले होते हा विश्वासही तितकाच. वाट उघडते ती चालू शकणाऱ्यासाठी. ज्याचे पोट आगरात, माडात किंवा शेतात अडकले आहे, त्याच्यासाठी करारात एखादे कलम आहे काय, हे प्रत्येक कराराच्या वेळी विचारले गेले पाहिजे. १८७८ मध्ये ते कोणी विचारले नाही.