घोडेमोडणीची तलवार

शिगमोत्सवात डिचोली, पेडणे आणि सत्तरी तालुक्यांत सादर होणारी घोडेमोडणी हे मूलतः वीरनृत्य आहे. नर्तकाच्या कमरेला सजवलेला घोडा बांधलेला असतो. डाव्या हातात लगाम, उजव्या हातात तलवार. ढोल-ताशांच्या लयीवर पावले पुढे-मागे पडतात. कमरेभोवतीच्या घोड्यामुळे पायांजवळची जमीन नजरेआड होते आणि लगामात गुंतलेला डावा हात तोल सावरण्यास उरत नाही. त्यात प्रेक्षक अगदी जवळ. तलवारीची निवड या अडचणी ध्यानात घेऊनच व्हावी.

पाते बोथट व टोक गोलसर असावे, हे उघडच आहे. खरी परीक्षा मुठीची. शोभेच्या पुष्कळ तलवारींत पात्याचा मुठीत शिरणारा भाग आखूड असतो किंवा बारीक सळई डागून जोडलेला असतो. जोराच्या फेकीत तो तुटला, तर पाते थेट गर्दीत जाते. हा भाग मुठीच्या शेवटापर्यंत पोहोचलेला असावा. हलवून पाहता खडखड ऐकू येऊ नये. भार मुठीकडे असल्यास मनगट लवकर थकत नाही. चकाकीला येथे काहीच किंमत नाही.

शिक्षणाचा आरंभ मात्र लाठीनेच करावा. चिनी युद्धकलेतही दंडाला सर्व शस्त्रांचा पूर्वज मानतात. लाठीने पवित्रा आणि अंतराचा अंदाज पक्का होतो. मर्दानी खेळांतील दांडपट्टा त्यानंतर बराच काळाने हाती घ्यावा. त्याच्या लोखंडी खोबणीत मनगट जखडले जाते, वार खांद्यातून फिरवावा लागतो आणि लवचीक पाते चुकल्यास फिरवणाऱ्यावरच उलटते.